चाल कोणाची?



6 डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या छोट्या पुस्तिका मिळतात. त्यातले कोणतेही गाणे काढा. बहुधा वर लिहिलेले असते, 'चाल', आणि पुढे एखाद्या हिंदी चित्रपटातील गाण्याचे नाव. यात कमीपणा काही नाही. वामनदादा कर्डकांनी 1943 साली पहिले गाणे रचले, तेच एका चित्रपटगीताच्या चालीवर होते. चाल लोकांच्या कानात आधीच बसलेली, त्यामुळे शब्द एका रात्रीत वस्तीभर होत. छापखाने आपले नव्हते, रेडिओ आपला नव्हता; चाल मात्र फुकट होती.

पण आपल्याच घरची एक चाल या पुस्तिकांवर आम्हाला फारशी दिसली नाही. ती जात्यावरची.

मुखेड, बिलोली, औसा, निलंगा, कोणत्याही तालुक्यात जा. आपल्या आया-आज्यांनी पहाटे दळताना बुद्धाला ओवी वाहिली, बाबासाहेबांना वाहिली, रमाईला वाहिली. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेडोपाडी फिरून 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 1996 साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. गाणारणीचे नाव आणि गाव त्यांनी टिपून ठेवले, हे आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात तर दगडही गेले आणि दळणाऱ्याही गेल्या.

आता आपल्या पोरांच्या घरी कॅसिओ आला आहे. जयंतीला बँजो पार्टीत वाजवणारी मुले हाताने चपळ आहेत. त्यांनी या चालीवर नुसत्या वाद्यांची एखादी रचना करावी असे आम्ही सुचवतो.

जगात हे चालते. हवाई बेटांच्या जुन्या चाली घेऊन पियानो आणि डबल बास अशा दोनच वाद्यांसाठीही रचना करता येते. डबल बास म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, माणसाहून उंच, उभ्याने वाजवायचा. (व्हायोलिन बाबासाहेबांच्या आवडीचे, ते शिकलेही होते.) त्याला चार जाड तारा असतात आणि गिटारसारखे पडदे नसतात, म्हणून सूर घसरत नेता येतो. पियानोची पट्टी दाबली की सूर जागच्या जागी, मधले काही नाही. आपल्या पेटीचेही तेच. ओवी म्हणताना आजी जो सूर ओढत खाली आणते तो पेटीत सापडत नाही, पण बासवर सापडेल. शिवाय जात्याची घरघर हाच मुळी खालचा धरलेला सूर आहे. बासने ती घरघर धरावी, पियानोने ओवीचे चार-पाच सूर वर मांडावेत. कॅसिओवर डाव्या हाताने हेच होते. फक्त रिदमचे बटण बंद ठेवा. ओवी जात्याच्या फेऱ्यावर आणि बाईच्या श्वासावर चालते. मशीनच्या ठोक्यात ती गुदमरते.

आपल्याकडेही हे झाले आहे. गोव्यातील माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (1927-2012) मुंबईच्या चित्रपटसृष्टीत व्हायोलिन वाजवीत. प्यारेलाल त्यांचे शिष्य. 'अमर अकबर अँथनी' (1977) मधल्या गाण्यात आपण त्यांचेच नाव ऐकतो. 1958 साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात आपल्या रागांवर बांधलेल्या रचना मोठ्या विलायती वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. वादकांची नावे तेव्हा पडद्यावर सहसा येत नसत. ज्याच्या शिष्याने आठवण ठेवली, तो उरला.

हवाईची कथा तर आपल्याला चटकन समजेल. तेथील 'हुला' हे गाणे-नाचणे मिशनऱ्यांना असभ्य वाटे; 1830 साली त्यावर बंदी आली. 1883 मध्ये राजा कालाकौआने आपल्या राज्याभिषेकात ते पुन्हा उघड्यावर आणले. 1893 मध्ये त्यांची राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत केले गेले आणि 1895 मध्ये तिच्याच राजवाड्यात कैद केले. राणी स्वतः गीते रचणारी, कैदेतही ती रचीत राहिली. 1896 मध्ये शाळांतून त्यांची भाषा गेली. आणि आज अशा चालीवर रचना छापली जाते तेव्हा रचनाकाराचे नाव मोठ्या अक्षरात असते आणि चालीपुढे बहुतेक एकच शब्द, 'पारंपरिक'.

हा शब्द आम्हाला खटकतो. पारंपरिक म्हणजे बेवारस नव्हे. राणीचे निदान नाव राहिले. आपल्या दळणारणींचे कोण ठेवणार? म्हणून मुलांनी रचना करावी, वाजवावी, स्वतःचे नावही खुशाल घालावे, पण वर लिहावे : चाल जात्यावरची, आणि पुढे ज्या बाईकडून घेतली तिचे नाव आणि गाव.

एक व्यावहारिक सूचना. आजीला 'काळी दोनमध्ये म्हण' असे सांगू नका. ती लाजून गप्प बसेल. तिला हवा तिथून सूर लावू द्या, जाते असेल तर समोर ठेवा, मोबाइलवर सगळे रेकॉर्ड करा. पट्टी मग तुम्ही शोधा. कॅसिओला ट्रान्सपोजचे बटण त्यासाठीच आहे.