अकरा महिन्यांचे बिऱ्हाड

पुण्यात घरे मिळत नाहीत असे कोण म्हणतो? घरे हवी तितकी आहेत. मात्र शाळेत जाणारे मूल आणि त्या शाळेजवळ भाड्याचे घर, या दोन गोष्टी एकाच वेळी बाळगू पाहणाऱ्याने पूर्वजन्मी काही घोर पाप केले असले पाहिजे!

माझी मुलगी येत्या जूनला सहावीत जाईल. शाळा सदाशिव पेठेत. दलाल सांगतो, "शाळा पाच मिनिटांवर." ती मिनिटे त्याच्या मोटारसायकलची, आणि तीही पहाटेची. दप्तर पाठीवर घेऊन लक्ष्मी रस्ता ओलांडणाऱ्या पोरीची नव्हेत. मग घरमालकांची उलटतपासणी : मासे खाता का, पाहुणे फार येतात का, भिंतीला खिळे ठोकणार का? तेही मी सोसतो. न सोसण्याजोगी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे ११ महिन्यांचा करार.

वाचकहो, जरा हिशेब करा. १ जूनला राहायला गेलो, तर पहिला करार एप्रिलअखेर संपतो, दुसरा मार्चअखेर आणि तिसरा ऐन वार्षिक परीक्षेच्या तोंडावर, फेब्रुवारीत. दर खेपेला भाडेवाढीचा तगादा, नाही तर नवे घर; आणि नवे घर म्हटले की दलालाला पुन्हा एका महिन्याचे भाडे.

हे ११ आले कोठून? १९०८च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची केली. ती चुकवण्यासाठी एक महिना छाटला. पण महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ने मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदलेलाच हवा असे ठरवले; नोंदणीची जबाबदारीही घरमालकावर टाकली. म्हणजे ज्यासाठी महिना छाटला ते कारणच गेले. सोवळे मात्र उरले!

घरमालक म्हणतात, भाडेकरू घर बळकावील. १९४७च्या मुंबई भाडे कायद्याने त्यांची भाडी पिढ्यान्‌पिढ्या गोठवली होती, तेव्हा ही भीती खोटी नव्हती, हे मी मान्य करतो. पण आता रजा-परवान्याच्या कराराची मुदत संपताच घर सोडावे लागते; न सोडल्यास दुप्पट रक्कम भरावी लागते. मुदत ११ महिन्यांची असो वा ३६ महिन्यांची, संरक्षण तेच. दरसालची वाढ हवी? ती करारातच लिहावी.

खर्चही पाहा. भाडे २०,००० रुपये धरले, तर पाव टक्क्याने ११ महिन्यांचे मुद्रांक शुल्क ५५० रुपये आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये (अनामतीवरचा भाग सोडून देतो). असे तीन वेळा केले की ३३ महिन्यांना ४,६५० रुपये. एकदाच ३६ महिन्यांचा करार केला तर अवघे २,८०० रुपये, आणि पोरीची सहावी, सातवी, आठवी एका छपराखाली!

हे सारे मी एका घरमालकांना कागदावर मांडून दाखवले. त्यांनी चष्मा लावून आकडे दोनदा तपासले, बरोबर असल्याचे कबूल केले आणि म्हणाले, "पण पद्धत अकराचीच आहे."

सध्या मी दलालाला पहिल्याच भेटीत ३६ महिन्यांची अट सांगतो. आलेला चहा तसाच टाकून तो उठतो.