उन्हाचा आणि धुळीचा हिशेब एकत्र मांडा

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाणी घेऊन निघालेली रेल्वेगाडी लातूरच्या स्थानकात येऊन थांबली आणि मराठवाड्याचा उन्हाळा साऱ्या देशाच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. तहान छायाचित्रात पकडता येते. हवा येत नाही. म्हणूनच २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम हाती घेतला आणि हवेची मानके न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत लातूरचे नाव आले, तेव्हा कोणाला धक्का बसल्याचे दिसले नाही. दिल्लीच्या धुरक्यावर तावातावाने बोलणारे आपण आपल्या दाराशी साचलेली धूळ मात्र फडक्याने पुसून मोकळे होतो.

उन्हाळा मराठवाड्याला नवा नाही, धूळही नवी नाही. नवे आहे ते या दोहोंच्या संगनमताविषयीचे ज्ञान. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात २०१४ ते २०१९ या काळातील सुमारे १५ लाख मृत्यूंच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. केवळ अतिउष्णतेच्या दिवशी मृत्यूचा धोका सुमारे ६ टक्के वाढलेला दिसला, केवळ अतिप्रदूषणाच्या दिवशी ५ टक्के. दोन्ही एकाच दिवशी आली तेव्हा मात्र तो ११ टक्के नव्हे, २१ टक्के वाढला होता. २०१० च्या उन्हाळ्यात मॉस्कोवर उष्णतेची लाट आणि वणव्यांचा धूर एकाच वेळी कोसळले. तेथे झालेल्या सुमारे ११ हजार जादा मृत्यूंपैकी दोन हजारांहून अधिक मृत्यू या दोहोंच्या एकत्रित परिणामाचे होते, असा निष्कर्ष पुढे निघाला.

असे का घडते? शरीर थंड ठेवण्यासाठी हृदयाला अधिक रक्त त्वचेकडे पाठवावे लागते. घामावाटे पाणी जाते, रक्त दाटते आणि हृदयावरचा भार वाढतो. श्वास जलद होतो. श्रमाने धापा टाकणारा माणूस तोंडाने श्वास घेऊ लागला की नाकाची गाळणीही निरुपयोगी ठरते. मग अडीच मायक्रॉनहून लहान, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याइतके कण फुप्फुसात खोलवर उतरतात. त्यांतील काही थेट रक्तात मिसळतात आणि रक्तवाहिन्यांचा दाह वाढवतात. शिवाय वाहनांच्या धुरातील वायूंपासून प्रखर उन्हात जमिनीलगत ओझोन तयार होतो. तो दुपारीच वाढतो आणि श्वासनलिका आवळतो. थोडक्यात, ऊन शरीराचे दरवाजे उघडते आणि प्रदूषण आत शिरते.

नांदेड आणि लातुरात हे दरवाजे कोणाचे उघडतात? बाजार समितीच्या आडतीवर सोयाबीन-तुरीची पोती वाहणाऱ्या हमालाचे, डाळमिलच्या भुशात दिवस काढणाऱ्या कामगाराचे, महामार्गाच्या कामावर खडी पसरणाऱ्या मजुराचे. उसाचे पाचट आणि गावाबाहेरचा कचरा पेटतो त्याचा धूर वेगळाच. ‘उज्ज्वला’ने २०१६ पासून असंख्य घरांत गॅस पोहोचवला हे मोठे काम झाले, तरी सिलिंडर पुन्हा भरणे परवडत नाही तेथे पत्र्याखाली चूल पेटतेच. येथे एक विषण्ण करणारी गोष्ट आठवते. जाड दगडी भिंतींची आणि मातीच्या धाब्याची जुनी घरे उन्हाळ्यात थंड असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारी परिसरात त्याच भिंती हजारोंच्या अंगावर कोसळल्या. त्यानंतर माणसे सिमेंट आणि पत्र्याकडे वळली, आणि त्यांना दोष तरी कोण देणार? पण भूकंपात टिकेल आणि उन्हाळ्यात निवेल असे स्वस्त घर आपल्या अभियंत्यांनी अद्याप गावोगावी पोहोचवलेले नाही.

उष्णतेचा इशारा हवामान खाते देते. मैदानी भागात पारा ४० अंशांवर गेला आणि सरासरीहून साडेचार अंशांनी चढला, की उष्णतेची लाट जाहीर होते. हवेतील कण प्रदूषण नियंत्रण मंडळ मोजते. दोन खाती, दोन पत्रके! ३९ अंशांच्या दिवशी हवेत धुळीचे लोट असले, तरी दम्याच्या रुग्णाला कोणी सावध करीत नाही. २०१० च्या मे महिन्यात तेराशेहून अधिक जादा मृत्यू पाहिल्यावर अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आणला आणि इतर शहरांनी तो गिरवला. नांदेड व लातूरच्या महापालिकांनी त्यापुढचे पाऊल टाकावे : दोन्ही आकडे एकत्र पाहून एकच इशारा द्यावा, त्या दिवशी बांधकामे व खोदकामे दुपारी बंद ठेवावीत, कचरा पेटवणाऱ्यावर खरोखर दंड बसवावा.

मात्र सारे शासनावर ढकलून चालणार नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. त्यानंतरही भर दुपारचे लग्नमुहूर्त, उन्हातली मिरवणूक, मंडपामागे धडधडणारा डिझेल जनरेटर यांत कितीसा फरक पडला? गोरज मुहूर्त आपल्याच परंपरेत आहे. सार्वजनिक कार्यक्रम सकाळी किंवा सायंकाळी घेण्याचा निर्णय आपल्या कार्यकर्त्यांना कोणत्याही शासन आदेशाविना घेता येईल. वस्तीवर जाणाऱ्यांनी दमेकरी, हृदयरोगी, एकटे वृद्ध आणि गर्भवती यांची यादी उन्हाळ्याआधीच करावी.

सर्वांत अवघड काम मोजणीचे आहे. कडक उन्हात, धुळीत कोसळलेल्या मजुराच्या मृत्यूपुढे ‘हृदयविकार’ असे लिहिले जाते आणि ऊन व धूळ दोन्ही निर्दोष सुटतात. विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरचे शासकीय रुग्णालय आणि १९६६ पासून सेवारत असलेले विवेकानंद रुग्णालय यांनी मनावर घेतले, तर मार्च ते जून या काळातील प्रत्येक हृदयविकाराच्या व दम्याच्या रुग्णापुढे त्या दिवसाचे तापमान, हवेतील कणांचे प्रमाण आणि रुग्णाचे काम यांची नोंद ठेवता येईल. त्यासाठी नवी यंत्रे लागत नाहीत, नोंदवहीत तीन रकाने वाढवावे लागतात. मार्चपासून ते भरले जायचे असतील, तर महापालिका, मंडळ आणि रुग्णालये यांची पहिली बैठक थंडीतच व्हायला हवी.