तारेला माणूस ओळखता येत नाही

‘शेत माझं, पीक माझं, तार माझी, तू तिथं मरायला गेलासच कशाला?’ रानडुकरांसाठी शेताभोवती करंट सोडला आणि त्याला चिकटून माणूस गेला, की गावात हे असं उघड बोललं जातं. चार शहाणी माणसं मान डोलावतात, पंचायतीच्या ओट्यावर पैशांची बोलणी होतात आणि प्रकरण मिटतं. मला या मिटवामिटवीची चीड आहे. मालमत्ता राखायचा हक्क सगळ्यांना आहे, पण त्या नावाखाली माणसं मारायचा परवाना कुणी कुणाला दिलेला नाही.

कायदा शेतकऱ्याला निःशस्त्र ठेवतो, ही ओरड खोटी आहे. मालमत्ता वाचवताना समोरच्याचा जीव गेला तरी चालेल, असे प्रसंग भारतीय न्याय संहितेच्या कलम 41 मध्ये सांगितलेले आहेत: जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, राहत्या घराला लावलेली आग, आणि आपला जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती घालणारी चोरी. बांधावरून चारा कापून नेणारी बाई किंवा चार कणसं मोडणारा पोरगा या यादीत कुठेच बसत नाही. शिवाय कलम 37 बजावतं, की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. आणि रानडुकराचं काय? हा हक्क गुन्ह्याविरुद्ध आहे. डुक्कर गुन्हा करत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी तार ओढली, तिथं या हक्काचा संबंधच नाही.

तार कशी ओढतात तेही नीट पाहा. बांधावर खुंट्या ठोकायच्या, गुडघ्याच्या खाली बारीक उघडी तार ताणायची, मोटारीच्या पेटीतून एक फेज तिला जोडायचा आणि घरी जाऊन झोपायचं. शेतीची वीज पाळीनं कधी दिवसा, कधी रात्री येते. रात्रीची पाळी असली की शेजारच्या रानात गडी अनवाणी, चिखलात उभा राहून दारं धरतो. अंधारात त्याला तार दिसत नाही आणि तारेला तो ओळखता येत नाही. हातात काठी असलेला राखणदार निदान ‘कोण आहे रे?’ म्हणून हाक तरी मारतो.

सर्वोच्च न्यायालयानं 1963 सालीच हा प्रश्न निकालात काढला आहे. बिहारमध्ये एका घराच्या शौचकुपाची भिंत पडली, म्हणून त्या घरातली बाई शेजाऱ्याचं शौचकूप वापरू लागली. शेजाऱ्यानं आधी तोंडी मनाई केली, मग वाटेवर उघडी जिवंत तार लावली. बाहेर येताना बाईचा हात लागला आणि ती मेली. विनापरवाना आत शिरलेला माणूसही कायद्याच्या संरक्षणाबाहेर जात नाही, असं सांगून न्यायालयानं शेजाऱ्याची शिक्षा कायम ठेवली. साठ वर्षं उलटली, तरी आमचे बांध तसेच आहेत.

पिकाचं नुकसान खरं आहे. एका रात्रीत डुकरांचा कळप मका आणि भुईमूग लोळवून जातो, हे मी नाकारत नाही. पंचनाम्याला उशीर करणारी आणि रात्रीची वीज माथी मारणारी व्यवस्था दोषी आहेच. तिला धारेवर धरा, मीही तुमच्यासोबत येतो. पण तुमच्या तारेला चिकटून कुठला साहेब मरत नाही. मरतो तो शेजारचा सालदार, मरतो तो आपलाच पोरगा. भीती घालून जनावर हाकलणारं, पण जीव न घेणारं सौर झटका यंत्र बाजारात मिळतं. तरीही जो थेट वीज जोडतो, त्याला अजाण म्हणणं मला मान्य नाही.

म्हणून पोलिसांनी अशा मृत्यूवर निष्काळजीपणाचं सौम्य कलम लावून मोकळं होऊ नये. जीव जाऊ शकतो हे ठाऊक असताना केलेलं कृत्य सदोष मनुष्यवध ठरू शकतं. तपास कलम 105 खालीच व्हावा. वायरमननं आकडे आणि तारा दिसतील तिथं तोडाव्यात. आणि गावानं मेलेल्याचा भाव ठरवणं आजपासून बंद करावं.