विश्लेषण : बाळाच्या वाकड्या पावलावर शस्त्रक्रिया की प्लास्टर? तीस वर्षांनंतरचे निष्कर्ष काय सांगतात?

दर हजार नवजात बाळांपैकी साधारण एकाचे पाऊल जन्मतः आत आणि खाली वळलेले असते. यालाच ‘क्लबफूट’ म्हणतात. भारतात वर्षाला दोन कोटींहून अधिक बाळे जन्मतात. म्हणजे अशी वीस हजारांहून अधिक बाळे दरवर्षी जन्माला येतात. पाऊल सरळ करण्याचे दोन मार्ग आहेत. मात्र त्यांतला फरक लहानपणी नव्हे, तिशीत कळतो.

शस्त्रक्रियेचे पुढे काय होते?

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घोट्याभोवतीचे अस्थिबंध मोकळे करून हाडे जागेवर आणणारी मोठी शस्त्रक्रिया रूढ होती. पाऊल लगेच सरळ दिसे. परंतु अशा रुग्णांचा किमान 25 वर्षांनी घेतलेला आढावा 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अनेकांची पावले ताठर आणि दुखरी झालेली आढळली, सांध्यांची झीजही दिसली. शस्त्रक्रिया जितकी मोठी, तितकी हालचाल अधिक मर्यादित. मोठ्या वयात केल्या जाणाऱ्या, पावलातील तीन सांधे जोडून टाकणाऱ्या शस्त्रक्रियेतही भार घोट्यावर सरकतो. विविध आजारांसाठी ती करून घेतलेल्यांच्या घोट्यांत सरासरी 44 वर्षांनी झीज दिसली. तरीही बहुतेक रुग्ण समाधानी होते. म्हणजे पर्याय उरला नसेल, तेव्हा ती उपयोगी ठरते.

पॉन्सेटी पद्धत काय आहे?

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील डॉ. इग्नासिओ पॉन्सेटी यांनी 1940च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत विकसित केली. नवजात बाळाच्या पावलातील हाडे बहुतांशी कूर्चेची असतात. त्यामुळे पाऊल हाताने हळूहळू वळवून दर आठवड्याला नवे प्लास्टर घातले, की साधारण पाच-सहा प्लास्टरांत ते जागेवर येते. बहुतेक बाळांच्या टाचेमागची धोंडशीर छोटा छेद देऊन सैल करावी लागते. या पद्धतीने उपचार झालेल्या 45 जणांच्या 71 पावलांचा आढावा 1995 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे सरासरी वय 34 होते. त्यांपैकी 78 टक्क्यांचा निकाल उत्तम वा चांगला होता. जन्मतः निरोगी पावले असलेल्या गटात हे प्रमाण 85 टक्के होते.

मग अडचण कुठे?

प्लास्टर सुटल्यावर पट्टीने जोडलेले विशेष बूट तीन महिने जवळपास दिवसभर आणि नंतर चार वर्षांचे होईपर्यंत झोपेत घालावे लागतात. पाऊल सरळ दिसू लागले, की पालकांना ते अनावश्यक वाटतात. दोष पुन्हा उद्भवण्याचे मुख्य कारण हेच. ऊसतोडीसाठी सहा-सहा महिने गाव सोडणाऱ्या कुटुंबाला बूट लहान झाला, तर नवा कुठून आणायचा, हा प्रश्न पडतो.

सरकारी सोय आहे का?

2013 मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात क्लबफूटचा समावेश आहे. तपासणी व उपचार मोफत आहेत. परंतु यंत्रणेचा भर प्लास्टरपर्यंत आणि विसर बुटांचा, असे झाले तर सुधारलेले पाऊल पुन्हा वळते आणि मूल त्याच शस्त्रक्रियेच्या टेबलाकडे जाते. त्यामुळे किती बाळांना प्लास्टर घातले यापेक्षा, चौथ्या वाढदिवसापर्यंत किती बाळांच्या पायांत बूट टिकले, हा आकडा अधिक महत्त्वाचा ठरतो.