एवढंसं तर काम आहे!

"एवढंसं तर काम आहे, त्याला सामाईक फंक्शन कशाला?" आमच्या नात्यातल्या संगणकवाल्या मंडळींकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर एकदा नीट भांडायचं ठरवलं आहे. वाद लिनक्स कर्नलचा आहे. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या आणि आयुष्यभर खडू झिजवलेल्या माणसाने कर्नलबद्दल कशाला बोलावं, असं काहींना वाटेल. निवृत्तीनंतर मी सी भाषा शिकलो. कर्नलचा कोड सगळ्यांना खुला आहे, तो वाचायला कुणी पदवी विचारत नाही. शिवाय हा वाद अक्षरांचा आहे, आणि अक्षरांवर बोलायचा हक्क मी सोडणार नाही. :-)

ज्यांचा या विषयाशी संबंध नाही, त्यांच्यासाठी आधी थोडं. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही लिनक्सचाच कर्नल असतो. तो सी भाषेत लिहिलेला आहे, आणि सी भाषेत स्ट्रिंग म्हणजे एकापुढे एक मांडलेले बाइट व शेवटी एक शून्य. लांबी कुठेही लिहिलेली नसते. ते शून्य म्हणजे पूर्णविराम समजा. पूर्णविराम राहून गेला तर वाचणारा थांबत नाही. तो पुढच्या ओळीत जातो, पुढच्या पानावर जातो, दुसऱ्याचं पत्रसुद्धा वाचून टाकतो. आणि लिहिणारा थांबला नाही तर दुसऱ्याच्या वहीवर लिहीत सुटतो. सामान्य प्रोग्रॅममध्ये असं झालं तर तो प्रोग्रॅम कोलमडतो. कर्नलमध्ये झालं तर सगळं यंत्र कोलमडतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे ते परक्याच्या ताब्यात जातं. १९८८च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर पसरलेला मॉरिस वर्म ज्या वाटांनी यंत्रांत शिरला, त्यांतली एक वाट हीच होती. मिळालेली ओळ ठेवायला जागा पुरेशी आहे का, हे फिंगर नावाच्या सेवेने पाहिलंच नव्हतं.

आता मुद्दा. साध्या प्रोग्रॅमला स्ट्रिंगची कामं करायला सी भाषेची लायब्ररी असते. कर्नल त्या लायब्ररीच्या खाली असतो, त्यामुळे त्याला ती वापरता येत नाही. स्वतःची भांडीकुंडी त्याला स्वतःच बाळगावी लागतात. कर्नलमध्ये 'लिब' नावाच्या फोल्डरात स्ट्रिंगची अशी एक फाइल आहे आणि तिच्या डोक्यावर लिनस टोरवाल्ड्स यांचं नाव १९९१ सालापासून आहे. एखादं काम या सामाईक फाइलीत नसलं की ज्याला गरज पडते तो आपल्यापुरतं लिहून घेतो. "तीन ओळी तर आहेत!" माझं भांडण या तीन ओळींशी आहे.

पहिलं उदाहरण. स्ट्रिंगची नक्कल करायची, म्हणजे लांबी मोजायची, तेवढी जागा मागायची आणि मजकूर तिथे उतरवायचा. तीनच ओळी. कर्नलमध्ये हे सामाईक फंक्शन बरीच वर्षं नव्हतं. मग साउंडवाल्यांनी आपलं लिहिलं, नेटवर्कवाल्यांनी आपलं, आणखी कुणीकुणी आपापलं. २००५ साली 'केस्ट्रडप' हे सामाईक फंक्शन आलं आणि या गावोगावच्या नकला काढून टाकल्या गेल्या. मूठभर ओळींचं फंक्शन, पण ते यायला पहिल्या कर्नलनंतर चौदा वर्षं लागली. अडचण बुद्धीची नव्हतीच. प्रत्येकाला वाटत होतं की आपलं एवढंसं काम आहे.

दुसरं उदाहरण माझ्या फार जवळचं आहे. दोन स्ट्रिंगमध्ये शब्दकोशाच्या क्रमाने आधी कोणती, हे सांगणारं फंक्शन म्हणजे 'स्ट्रकंप'. कर्नलच्या सामाईक स्ट्रकंपमध्ये एक चूक होती. दोन बाइटांतला फरक ते एकाच बाइटात मावेल असं धरून चालत होतं. चिन्हासकट एका बाइटात -१२८ ते १२७ एवढेच आकडे मावतात. रोमन अक्षरांचे आकडे १२८च्या खालचे, त्यामुळे इंग्रजी मजकुरात ही चूक कुणाला दिसणार नाही. आता रोमन कॅपिटल 'ए' घ्या, त्याचा आकडा ६५. आपला 'अ' घ्या. यूटीएफ-८ या पद्धतीत त्याचे तीन बाइट होतात: २२४, १६४, १३३. पहिल्या बाइटांची वजाबाकी ६५ उणे २२४ म्हणजे -१५९. हा आकडा त्या बाइटात मावत नाही, तो फिरून +९७ होतो आणि उत्तर नेमकं उलटं मिळतं. २००९ साली ही चूक सामाईक फाइलीत दुरुस्त झाली. एका जागी दोन-चार ओळी बदलल्या आणि ते फंक्शन वापरणाऱ्या सगळ्यांचं काम झालं.

पण गोष्ट इथे संपत नाही. मोटोरोलाच्या जुन्या ६८००० जातीच्या प्रोसेसरांसाठी कर्नलमध्ये स्ट्रकंपची वेगळी, हाताने असेंब्लीत लिहिलेली प्रत होती. हेतू चांगला होता, वेग मिळावा. त्या प्रतीत याच जातीची चूक होती, आणि २००९ची दुरुस्ती तिच्यापर्यंत पोचली नाही. कशी पोचणार? ती वेगळ्या घरात राहत होती. २०२२-२३च्या हिवाळ्यात कुठे टोरवाल्ड्स यांनी ती प्रत काढून टाकली आणि त्या यंत्रांनाही सामाईक फंक्शन मिळालं. म्हणजे एकाच चुकीला दोन घरं मिळाली, तर एका घरातून ती गेल्यावर दुसऱ्यात तेरा वर्षं सुखाने नांदली. "माझं मी लिहितो" म्हणणाऱ्यांनी या तेरा वर्षांचं उत्तर द्यावं.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यांत भक्कम मुद्दा घेतो, कारण तो टाळला तर हे भांडण खोटं ठरेल. माझा एक भाचा म्हणतो, "मामा, सामाईक फंक्शनच चुकीचं निघालं तर? मग चूक सगळीकडे पसरते." खरं आहे, आणि त्याला दाखलाही आहे. मजकूर उतरवून घेण्याचं जुनं फंक्शन 'स्ट्रकॉपी'. ते समोर जागा किती आहे हे विचारतच नाही. म्हणून लोक 'स्ट्रएनकॉपी'कडे वळले. त्याला जागेचा आकडा देता येतो, पण ते मुळात वेगळ्याच कामाचं. जुन्या युनिक्समध्ये फाइलीच्या नावाला ठरावीक १४ बाइटांचा रकाना असे. तो भरायचा, आणि नाव लहान असेल तर उरलेल्या जागेत शून्यं भरायची, यासाठी ते होतं. नाव पूर्ण १४ बाइटांचं असेल तर शेवटी पूर्णविराम देत नाही. रकान्यासाठी ते ठीक होतं, स्ट्रिंगसाठी ते घातक ठरलं. मग १९९८ साली ओपनबीएसडीवाल्यांनी 'स्ट्रएलकॉपी' काढलं आणि २००३ साली ते लिनक्स कर्नलमध्येही आलं. ते पूर्णविराम देतं, पण मूळ मजकुराची पूर्ण लांबी सांगण्यासाठी तो शेवटपर्यंत वाचत जातं. मूळ मजकुरालाच पूर्णविराम नसेल तर पुन्हा दुसऱ्याच्या पत्रात शिरतं. शेवटी २०१५ साली, ४.३ आवृत्तीत, 'स्ट्रएसकॉपी' आलं. ते जागेपलीकडे लिहीत नाही, मर्यादेपलीकडे वाचत नाही, पूर्णविराम नक्की देतं, आणि मजकूर मावला नाही तर गुपचूप कापून मोकळं न होता तसा चुकीचा आकडा परत करतं. स्ट्रएलकॉपीला कर्नलने २०२४ साली, ६.८ आवृत्तीत, कायमचा निरोप दिला. गंमत म्हणजे सामान्य प्रोग्रॅमांसाठीच्या जीलिबसी या लायब्ररीने वर्षानुवर्षं नाकारून अखेर २०२३ साली तेच फंक्शन आपल्या घरात घेतलं होतं!

म्हणजे सामाईक फंक्शन घेतलं २००३ला, काढलं २०२४ला. एकवीस वर्षं. भाचा म्हणतो, बघा, हा सामाईकपणाचा तोटा. मी म्हणतो, हाच सामाईकपणाचा फायदा. का, ते ऐका.

मी वर्षानुवर्षं वह्या तपासल्या आहेत. चाळीस मुलांनी एकाच मुलाचं बघून लिहिलं असेल तर चूक चाळीस वह्यांत असते, पण एकदा सापडली की पुढच्या एकोणचाळीस वह्यांत कुठे बघायचं हे माहीत असतं. चाळीस मुलांनी चाळीस वेगळ्या चुका केल्या असतील तर चाळीस रात्री जागाव्या लागतात. स्ट्रएलकॉपीला नाव होतं. कुणीही बसल्या जागी कर्नलभर शोध घेऊन ते किती ठिकाणी आहे याची यादी काढू शकत होता, एकेक जागा तपासून बदलू शकत होता, आणि यादी संपल्यावर फंक्शनच पुसून टाकू शकत होता. केस कुक आणि इतरांनी नेमकं हेच केलं. आता सांगा, कुणीतरी आपल्या ड्रायव्हरमध्ये स्वतः लिहिलेलं, नाव नसलेलं तीन ओळींचं चक्र तुम्ही कोणत्या नावाने शोधणार? त्याची यादी निघत नाही. जिची यादी निघत नाही ती चूक काढायला एकवीस वर्षं लागत नाहीत, ती निघतच नाही.

नावाचा दुसरा उपयोग २०१७ साली दिसला. ४.१३ आवृत्तीत कर्नलमध्ये 'फोर्टिफाय' नावाची सोय आली. कंपायलरला जागेचा आकार माहीत असेल तर मजकूर त्यात मावणार नाही हे तो कधी आधीच सांगतो, कधी कोड चालताना अडवतो. हा पहारा नामांकित सामाईक फंक्शनांच्या दारात बसवलेला आहे. आपल्या घराला दारच न ठेवणाऱ्याकडे पहारेकरी कुठे बसणार?

"मग काय, 'हो' आणि 'नाही' छापायलाही सामाईक फंक्शन हवं?" हा हशा पिकवणारा प्रश्न. तेही आलं आहे! २०२२ साली, ५.१८ आवृत्तीत, 'स्ट्र_येस_नो' आणि 'ऑन-ऑफ', 'एनेबल्ड-डिसेबल्ड' यांची भावंडं आली. त्याआधी इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरसकट ठिकठिकाणी याच्या खासगी आवृत्त्या होत्या. इथे मी भाच्याचं अर्धं म्हणणं मान्य करतो. एवढ्याशा फायद्यासाठी चालत्या कोडच्या शेकडो ओळी उलथ्यापालथ्या करू नयेत. स्ट्रएसकॉपी घेताना खुद्द टोरवाल्ड्स यांनी हेच बजावलं होतं: नवं फंक्शन आलं की लोक सरसकट बदल करत सुटतात आणि त्या बदलांतच नव्या चुका घुसतात. पण हा इशारा घाईच्या बदलांविरुद्ध आहे, सामाईक फंक्शनाविरुद्ध नाही. या दोन गोष्टींची गल्लत करणाऱ्यांना मी कच्चा विद्यार्थी म्हणतो.

शेवटी आपल्या घरचा प्रश्न. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८मध्ये तीन बाइट लागतात. काना, वेलांटी, हलंत धरून. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिमांत फाइलीच्या नावाला २५५ बाइट मिळतात, म्हणजे इंग्रजीला २५५ अक्षरं आणि आपल्याला ८५ चिन्हं. चालू प्रोग्रॅमचं नाव कर्नल १६ बाइटांत ठेवतो, त्यातला एक पूर्णविरामाचा. उरले १५, म्हणजे पाच चिन्हं. तिथे 'महाराष्ट्र' लिहिलं तर 'महारा' एवढंच उरतं. आणि सुरुवातीला एखादं रोमन अक्षर असलं तर काप नेमका एका चिन्हाच्या पोटात बसतो आणि शेवटी दोन अनाथ बाइट लोंबकळत राहतात. स्ट्रएसकॉपीलाही हे कळत नाही, तेही बाइटच मोजतं. पण उद्या कुणी ठरवलं की अक्षराच्या पोटात काप बसता कामा नये, तर त्यासाठी एक जागा हवी, एक नाव हवं. सामाईक फंक्शन असेल तर ही सुधारणा मागता येते. शंभर जणांनी शंभर ठिकाणी आपापली कात्री चालवली, तर आपलं गाऱ्हाणं आपण कुणाकडे न्यायचं? इंग्रजीवाल्यांच्या तीन ओळी इंग्रजीत कधी चुकत नाहीत. त्या चुकतात आपल्या लिपीत, जिथे लिहिणाऱ्याने कधी तपासून पाहिलेलं नसतं.

म्हणून माझं म्हणणं इतकंच. एकच काम तीन ठिकाणी दिसलं की ते सामाईक करा. नाव असं द्या की ते काय करतं आणि काय करत नाही ते कळावं. स्ट्रएनकॉपीच्या नावाने किती पिढ्या फसल्या ते आठवा. मजकूर मावला नाही तर फंक्शनने ते बोलून दाखवावं. आणि नवं आणलं की जुनं काढायची जबाबदारीही घ्या, नाहीतर माळ्यावर भांडी साठतात तशी फंक्शनं साठतात.

नात्यातल्या संगणकवाल्यांनो, उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या. फक्त "एवढंसं तर काम आहे" या वाक्याने सुरुवात करू नका. मोटोरोलाची ती प्रतसुद्धा एवढंसंच काम करत होती.