बेचाळिशीत पहिले वर्ष



नवरात्राचा वृत्तांत आणि दिवाळीच्या कार्यक्रमाची माहिती पुढच्या पानांवर आहेच. त्याआधी एका प्रवेशाची बातमी. आपल्या मंडळाच्या एका सभासद भगिनीला या सप्टेंबरात नर्सिंगच्या पदवीला प्रवेश मिळाला. तिचे वय बेचाळीस. मोठी मुलगी दहावीच्या वयाची, धाकटा अजून प्राथमिक शाळेत. नाव छापू नका म्हणाली, म्हणून छापत नाही. पण ओळखणारे ओळखतील आणि दिवाळीत भेटल्यावर तिचे मनापासून अभिनंदन करतील, याची खात्री आहे.

तिचे माहेर अंबरनाथ पश्चिमेला. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. बी.कॉम. झाल्यावर तिने कल्याणला एका ऑफिसात काही वर्षे हिशेब लिहिले, मग लग्न झाले आणि नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ ती इंग्लंडला आली. मुले शाळेत जायला लागल्यावर इथल्या एका वृद्धनिवासात केअर असिस्टंट म्हणून लागली. तिथे नर्स औषधांची ट्रॉली घेऊन खोलीत यायची, आजोबांकडे दोन मिनिटे बघायची आणि म्हणायची, पायावरची सूज कालच्यापेक्षा वाढली आहे, डॉक्टरांना फोन लावा. "सूज मलाही दिसली होती, पण ती काय सांगते आहे ते मला कळत नव्हते," असे ती म्हणते. ते कळावे म्हणून तिने शिकायचे ठरवले.

इथे वयाची वरची अट नाही. एकविसाव्या वर्षानंतर पदवीला येणाऱ्या प्रत्येकाला विद्यापीठे प्रौढ विद्यार्थीच समजतात, त्यामुळे वर्गात ती एकटी वयस्क असेल असेही नाही. बारावीला विज्ञान नसलेल्यांसाठी कॉलेजात 'अ‍ॅक्सेस टू हायर एज्युकेशन डिप्लोमा' असतो. पूर्णवेळ केला तर साधारण वर्षभराचा. तिने तो नोकरी सांभाळून संध्याकाळी केला, म्हणून जास्त वेळ लागला. मूत्रपिंडाची आकृती स्वयंपाकघराच्या कपाटावर चिकटवली होती आणि पोळ्या लाटता लाटता मुलीला म्हणून दाखवायची. गणिताची तिला धास्ती होती. वजनाच्या हिशेबाने औषधाची मात्रा काढायची, मिलिग्रॅमचे मिलिलिटर करायचे, सलाइनचे थेंब मिनिटाला किती ते ठरवायचे. पण हे सगळे त्रैराशिकच निघाले आणि त्रैराशिक अंबरनाथच्या शाळेतल्या बाईंनी पक्के करून घेतले होते.

मुलाखतीतला एक प्रश्न तिने मला सांगितला तो इथे देतो, कारण तयारी करणाऱ्यांना उपयोगी पडेल. एका आजींनी अंघोळीला नकार दिला, तुम्ही काय कराल? बरोबरच्या तरुण उमेदवारांनी स्वच्छतेचे महत्त्व समजावून सांगू, असे उत्तर दिले. ही म्हणाली, आधी विचारीन की का नको. थंडी वाजते आहे, दुखते आहे, की पुरुष कर्मचारी नको आहे? चहा देईन, तासाभराने परत जाईन, तरीही नको म्हणाल्या तर तोंड-हात पुसून देऊ का विचारीन आणि नकार दिला ते कागदावर नोंदवीन. हे उत्तर पुस्तकातून आलेले नव्हते. वृद्धनिवासातल्या सकाळच्या पाळ्यांतून आले होते. उशिरा शिकायला येणारी बाई वर्गात आणते ते हेच.

आता थोडे आपल्याविषयी. हिच्या निर्णयाची कुणकुण लागल्यावर आपल्यातल्याच काहींनी विचारले, "या वयात परीक्षा कशाला?" कुणी म्हणाले, लोकांची घाण काढायला इतक्या लांब आलो का? सासूबाईंनी फोनवरून काळजीने विचारले, रात्रपाळी असली तर मुलांना जेवायला कोण वाढणार? सासूबाईंचा प्रश्न खरा होता आणि त्याचे उत्तर नवऱ्याने दिले: मी. बाकीच्या प्रश्नांना उत्तर द्यायचे कारण नाही, तरी मी देणार आहे, कारण ते तिच्या एकटीपुरते नाहीत. आपली मुलगी डॉक्टर झाली की आपण पेढे वाटतो. चाळिशीतली बाई नर्स होते म्हटले की आवाज खाली येतो. हे मला मनापासून खटकते.

आपल्याकडे परिचारिकांच्या शिक्षणात मोठ्या वयाच्या बायका पूर्वीपासून आहेत. परिचर्येच्या इतिहासात प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय स्त्री म्हणून काशीबाई गणपत यांचे नाव घेतात, ते साल 1891. पुढे 1909 मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन उभे केले आणि तिथून विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवले. शाळेचे वय केव्हाच उलटून गेलेल्या, काहींच्या पदरात मुले, घरात आधार नाही, अशा या बायका. परजातीच्या रोग्याला हात लावायचा, पुरुष रोग्याची सेवा करायची, रात्री घराबाहेर राहायचे, यावरून त्या काळच्या पुण्यात काय बोलले गेले असेल, याची कल्पना करायला इतिहास वाचावा लागत नाही. सेवासदनाने नुसते शिका म्हटले नाही. राहायची सोय केली, पाठीशी समाजातली वजनदार माणसे उभी केली. म्हणून त्या शिकल्या. आणि इथल्यांचा दाखला हवा असेल तर फ्लॉरेन्स नाइटिंगेल घरच्यांचा विरोध सोसून जर्मनीतल्या कायझरस्वर्टला शिकायला गेल्या तेव्हा 31 वर्षांच्या होत्या. मेरी सीकोल क्रिमियाच्या युद्धात शुश्रूषेला पोहोचल्या तेव्हा पन्नाशीच्या होत्या.

आता दुसरी गोष्ट, ती मला जास्त अस्वस्थ करते. या भगिनीची धाकटी बहीण अंबरनाथ पश्चिमेलाच राहते. वय अडतीस, शिक्षण बारावी आर्ट्स. सासऱ्यांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांचे सगळे तिने केले. ते गेल्यावर घर चालवायला नर्सिंग ब्यूरोमार्फत डोंबिवलीत रुग्णांच्या घरी बारा तासांच्या ड्यूटीवर जाऊ लागली. गेल्या वेळी मी अंबरनाथला गेलो तेव्हा तिने आपली वही दाखवली. साधी दोनशे पानी वही. पट्टीने रकाने आखलेले: वेळ, नळीतून काय दिले आणि किती, लघवी किती, कूस कोणती. दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, शेवटच्या रकान्यात टाचा आणि माकडहाड पाहिल्याची खूण. नळीतून भरवण्याआधी सिरिंजने ओढून बघायचे आणि भरवल्यावर अर्धा तास डोक्याकडची बाजू उंच ठेवायची, हे एका नर्सने तिला एकदा सांगितले होते. तेव्हापासून तिने ते कधी सोडलेले नाही. घरचे लोक तिला सिस्टर म्हणतात. ब्यूरो कमिशन कापून घेतो. हातात प्रमाणपत्र नाही.

ती जीएनएमची चौकशी करायला एका नर्सिंग स्कूलमध्ये गेली. शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची जन्मतारीख पाहून कागद तिथेच परत मिळाले. नियम असा आहे की जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरीच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला वय 17 ते 35 लागते. आर्ट्सची बारावी चालते, इंग्रजी हवे, गुण किमान 40 टक्के. वय सोडून तिच्याकडे हे सगळे होते. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) झालेल्या बाईला जीएनएमसाठी वयाची अट नाही, पण एएनएमलाही पस्तिशीच्या आतच जावे लागते. म्हणजे पस्तिशीपर्यंत एक तरी दार उघडून आत गेलेली बाई पुढे कधीही जीएनएम, मग दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. करू शकते. जी तोवर सासू-सासऱ्यांची आजारपणे काढत होती, ती मात्र बाहेर राहते.

पस्तीसच का? काम कष्टाचे आहे, पायावर उभे राहावे लागते, हे खरे. पण डोंबिवलीत बारा तास रोग्याला एकटीने उचलून कूस बदलणारी बाई त्या कष्टाला पुरते की नाही हे जन्मतारखेवरून ठरत नाही. शारीरिक तपासणी घ्या, ती त्यासाठीच असते. दुसरे कारण देतात ते नोकरीच्या वर्षांचे. राज्य सरकारच्या नोकरीत निवृत्ती 58 ला धरली तर चाळिशीत प्रवेश घेतलेली बाई त्रेचाळीसला पास होते आणि पंधरा वर्षे काम करते. मुले मोठी झालेली, बाळंतपणे मागे पडलेली आणि घर सोडून कुठे जाणार नाही अशी ही पंधरा वर्षे असतात. सरकारी भरतीची स्वतःची वयोमर्यादा वेगळी, ती हवी तर वेगळी ठेवा. खासगी रुग्णालये, वृद्धसेवा, घरी जाऊन करायची शुश्रूषा हे सगळे क्षेत्र तिच्यापुढे आहे. शिकायलाच बंदी कशासाठी?

आणि गरज तर दारात आहे. 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यात दहा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यात अंबरनाथचे एक, एमबीबीएसच्या 100 जागांचे. आमच्या लहानपणी अंबरनाथच्या माणसाला काही मोठे दुखणे आले की उल्हासनगरचे सेंट्रल हॉस्पिटल, नाहीतर गाडीत घालून थेट मुंबई. त्या गावात आता डॉक्टर तयार होणार, याचा आनंद माझ्यासारख्या अंबरनाथकराला किती झाला ते सांगून कळणार नाही. पण डॉक्टर राउंड घेऊन जातो, रात्रभर खाटेजवळ असते ती नर्स. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात अशा अडतीस-चाळिशीच्या, हात तयार असलेल्या बायका ब्यूरोच्या रोजावर काम करत आहेत. पहाटेच्या लोकलच्या लेडीज डब्यात त्या भेटतात.

नियम बदलायची वेळही हीच आहे. 1947 च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी यायचा राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसविका आयोगाचा कायदा संसदेने 2023 मध्ये मंजूर केला. नवी व्यवस्था येते तेव्हा नियम नव्याने लिहिले जातात. त्याच वेळी बोलायला हवे. वयाची वरची अट काढा. काढत नसाल तर रुग्णसेवेचा अनुभव दाखवणाऱ्यांना, विधवा आणि परित्यक्तांना सवलत द्या. कार्यकारिणीच्या परवानगीने मंडळातर्फे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाला तसे निवेदन पाठवायचे ठरवले आहे.

इथल्या भगिनींसाठी कामाची माहिती थोडक्यात देतो, कारण पुष्कळजणी चुकीच्या ऐकीव माहितीवर थांबून राहतात. कायमच्या वास्तव्याचा परवाना आणि अभ्यासक्रम सुरू होण्याआधी तीन वर्षांचा इथला रहिवास असेल, तर इंग्लंडमध्ये सर्वसाधारणपणे स्थानिक फी आणि विद्यार्थी कर्ज मिळते. फीच्या कर्जाला वयाची वरची अट नाही. राहणीखर्चाचे कर्ज साठीच्या आत मिळते. त्याशिवाय नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वर्षाला 5,000 पौंडांचे अनुदान आहे, ते परत करायचे नसते, आणि मुले असतील तर त्यावर आणखी. अ‍ॅक्सेस डिप्लोमासाठी कर्ज काढले आणि पुढे पदवी पूर्ण केली, तर त्या डिप्लोमाचे उरलेले कर्ज माफ होते. हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. स्कॉटलंडमधल्या सभासदांची सोय आणखी चांगली: पात्र विद्यार्थ्यांना फी नाही आणि 10,000 पौंडांची वार्षिक शिष्यवृत्ती. डिपेंडंट व्हिसावर असलेल्यांना मात्र परदेशी विद्यार्थ्यांची फी लागते. त्यांनी परवाना मिळेपर्यंत केअरमधला अनुभव आणि इंग्रजी-गणिताची लेव्हल टू प्रमाणपत्रे मिळवून ठेवावीत. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे अंबरनाथच्या ट्रंकेत असतील तर आताच मागवा. ती चालतील की नाही हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते, म्हणून ईमेलने लेखी विचारा, फोनवरच्या उत्तरावर विसंबू नका. यूकासचे, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाचे, अर्ज जानेवारीत जातात.

पदवीच्या काळात 4,600 तास भरावे लागतात, त्यातले निम्मे प्रत्यक्ष रुग्णालयात किंवा समाजात. प्लेसमेंट लागली की पहाटे बसस्टॉपवर उभे राहायचे, साडेबारा तासांची पाळी, मग घरी येऊन निबंध. ज्या बायका मध्येच सोडतात त्या सगळ्याच अभ्यासाला कंटाळून सोडत नाहीत. काहीजणी शाळेतून मुलाला आणायला कुणी नसते म्हणून सोडतात. इथे मंडळ कामाला येते. प्लेसमेंटच्या आठवड्यांत मुलांना शाळेतून आणायला आणि रात्री जेवू घालायला पाच घरांनी होकार दिला आहे. वाचनालयाची मागची खोली रविवारी दुपारी अभ्यासाला मोकळी राहील. आपल्यातल्या दोन अनुभवी नर्सेस सरावाच्या मुलाखती घेतील, आणि एक निवृत्त शिक्षक औषधांच्या मात्रांचे गणित शिकवणार आहेत. आणखी पाच घरे हवी आहेत, विशेषतः ज्यांच्याकडे गाडी आहे अशी.

निवेदनाचा मसुदा दिवाळीच्या कार्यक्रमात प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर असेल. वाचून सही करा, पटत नसेल ते समासात लिहा. धाकट्या बहिणीने आपल्या वहीतल्या दोन पानांचे फोटो पाठवले आहेत, रुग्णाचे नाव झाकून. ते निवेदनाला जोडणार आहोत.

आपला,
संपादक