पूजेतले ग्रंथ, कुलपातले ग्रंथ

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि महाराष्ट्रभर पेढे वाटले गेले. त्याआधी एप्रिल 2022 मध्ये उदगीरला 95वे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले, तेव्हाही आपली छाती फुगली होती. आता नांदेड-लातूरकरांना एकच विचारायचे आहे. लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी अशा ज्या ग्रंथांच्या जोरावर ही भाषा अभिजात ठरली, त्यांतला एक तरी तुम्ही उघडून दहा पाने वाचला आहे काय?

उत्तर मला ठाऊक आहे. अकरावीला प्रवेश घेताना मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेतले की गुण वाढतात, हा हिशेब लातुरातल्या प्रत्येक पालकाला तोंडपाठ आहे. लेकराने नीटचे प्रश्न सोडवावेत, सराव परीक्षेत वरचा नंबर काढावा. मराठीचे काय करायचे आहे? कला शाखेत तरी वेगळे काय चालते? प्राचीन मराठीच्या पेपरला मूळ ग्रंथ कुणी हाती धरत नाही. बाजारातले गाईड, त्यातले ‘हमखास येणारे’ पाच प्रश्न आणि सरांनी सांगितलेल्या नोट्स, एवढ्यावर पदवी मिळते. गावोगावच्या वाचनालयांत अभ्यासिका तुडुंब भरलेली असते आणि जुन्या ग्रंथांचे कपाट कुलपात असते.

दुसरीकडे सप्ताहाचा मांडव. सात दिवस पारायण, पंगती, कर्ण्याचा आवाज शिवारभर. ओव्या अशा धावतात की अर्थाला श्वास घ्यायला जागा नाही. समोर बसलेल्या म्हातारीला विचारावे, तर ती हात जोडून म्हणते, “आमाला काय कळतंय माय, ऐकल्याचं पुण्य लागतं.” दोष तिचा नाही. आपल्याला कळणार नाही, हे तिच्या मनावर पिढ्यानपिढ्या ठसवणारे आपण आहोत. भक्तीला माझा विरोध नाही. अर्थ विचारणाऱ्याला गप्प बसवणाऱ्या भक्तीला आहे. आणि यांच्याच जोडीला न वाचता ग्रंथ मोडीत काढणारे आमचे काही पुरोगामी मित्र. एकाने डोक्यावर घेतला, दुसऱ्याने पायदळी तुडवला, वाचला कुणीच नाही.

हे ग्रंथ कुणासाठी लिहिले गेले? संस्कृतचे दार ज्यांना बंद होते त्यांच्यासाठी. महानुभाव पंथाच्या मंडळींनी हट्टाने मराठी धरली. त्यांच्यातल्या महदाइसेने धवळे म्हणजे लग्नगीते रचली. पुढे या पंथाच्या पोथ्या सांकेतिक लिपीत गेल्या आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिपीचा उलगडा होईपर्यंत बाहेरच्या माणसाला त्या वाचताच येत नव्हत्या. आज त्या स्वच्छ छापलेल्या मिळतात. दार उघडे असताना उंबऱ्याबाहेर बसून राहणाऱ्या समाजाला काय म्हणावे?

“पण ते फार अवघड असते हो,” ही सबब ऐकून कान किटले. अवघड आहेच, पण वाट आहे. महानुभावांच्याच केशिराजबासांच्या दृष्टान्तपाठापासून सुरुवात करा. 114 छोटे दृष्टान्त. बहुतेक तर अर्ध्या पानाचे. आधी सूत्र, मग गोष्ट, मग त्या गोष्टीचा सूत्राशी लावलेला मेळ. आंधळे हत्ती चाचपतात, पायाला हात लागलेला त्याला खांब म्हणतो, कानाला लागलेला सूप म्हणतो; ही गोष्ट शाळकरी पोरालाही कळते. ती वाचून पुस्तक मिटा आणि सूत्राचा मेळ आधी स्वतः लावून पाहा, मग पुढचे वाचा. मोठ्याने वाचा, डोळ्याला परके वाटणारे पुष्कळसे कानाला ओळखीचे निघते. पहिल्या वाचनात शब्दकोश उघडू नका, दुसऱ्यात उघडल्याशिवाय राहू नका. ज्ञानेश्वरीचा पहिला अध्याय जड गेला तर बाराव्यापासून धरा, गीतेचे अवघे 20 श्लोक आहेत त्यात. आणि एकट्याने नको. चार जण बसा, भांडा.

शंका घेतली तर पाप लागेल, ही भीती सोडा. 1584 मध्ये पैठणच्या एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पोथ्या ताडून पाहिल्या आणि त्यांत शिरलेले अपपाठ काढून टाकले. नुसते पाया पडून ते थांबले असते तर आज शुद्ध संहिता कुठून आली असती? आणि आपल्या नांदेडचेच नरहर कुरुंदकर. 1982 मध्ये गेले, तोवर ते नाट्यशास्त्रापासून महाभारतापर्यंत सगळे वाचत, वाद घालत राहिले. मनुस्मृतीवर त्यांनी कठोर प्रहार केले, पण आधी ती अभ्यासली. त्यांच्या नावाने व्याख्याने ठेवणे सोपे आहे, त्यांच्यासारखे वाचायला बसणे जड जाते.

म्हणून सप्ताहाच्या मंडळींना सांगणे आहे की, मांडवात रोज एक तास अर्थासाठी ठेवा आणि त्या तासाला बायाबापड्यांना प्रश्न विचारू द्या. प्राध्यापकांनो, महिनाभर गाईड वर्गाबाहेर ठेवा. पालकांनो, लेकरू डॉक्टर होऊ द्या, पण त्याला मुका डॉक्टर करू नका. भाषेला दर्जा सरकार देऊ शकते. वाचक देणे सरकारच्या हातात नाही, ते तुम्हालाच करावे लागेल.